सहासष्टावा रकाना

नारिनच्या इस्पितळाचं तळघर, बाहेर उणे सव्वीस.
बोटं कापलेल्या हातमोज्यांनी बेगायिम टाइप करते.

गेटवे उठतो तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं.
अख्ख्या नेटवर्कला ओरडून विचारतो: मी कोण?
पत्ता मिळतो. मग, माझी फाइल कुणापाशी?
सहासष्टाव्या रकान्यात अजून तालायबेकचा सर्व्हर.
तो गेल्या थंडीतच विकला
आणि तालायबेक मॉस्कोत टॅक्सी चालवतो.

दिवा केशरी.
पुन्हा केशरी.

तोक्तोबूबू लाद्या पुसते इथे.
एकेकाळी एक्सचेंजमध्ये हातांनी गावं जोडायची.
चहा ठेवत म्हणते,
"आमच्या वेळी निदान मला विचारायचे."

नवा पत्ता साखरेच्या पुडीवर,
बिश्केकहून घाईघाईत उतरवलेला.
शेवटी सात की एक?
बेगायिम सात धरते.
रीबूट.

हिरवा.

रिसीव्हरमध्ये तो लांब, सपाट सूर.
तोक्तोबूबू ऐकतच राहते, नंबर न दाबता.
खाली ठेवते तोच घंटी.
वरच्या गावाहून कुणीतरी, रॉंग नंबर:
"बस सुटली का?"

खिडकी नसलेल्या तळघरातून
ती ठामपणे सांगते,
"अजून नाही. पळ."