माल काय?

नाना पेठेत मुनाफ तांबोळींच्या दुकानात आम्ही दोघी शिरलो
तेव्हा त्यांनी आधी आमच्या मागे पाहिलं,
कोणी पुरुषमाणूस येतोय का.
कोणी येत नव्हतं.
हेमलता म्हणाली, "घराला हवेत. दोन.
आणि एक जादाचा."

घर बाहेर गल्लीत उभं होतं, दोन रिक्षा अडवून:
भोसरीच्या शेडमध्ये पत्रा ठोकून घेतलेला ट्रेलर,
आत दोन बाकडी, एक शेगडी,
खिडकीला हेमलताच्या विरलेल्या इरकलीचा पडदा.
तेहेतीस वर्षं भूगोल शिकवून
हिनं लोणारचं सरोवर फक्त फळ्यावर काढलेलं.

"टायर तर नवेच आहेत," मी म्हणाले. "नक्षी बघा."
मुनाफभाई उकिडवे बसले. नक्षीकडे बघितलंच नाही.
अंगठ्यानं बाजूचं रबर दाबलं
आणि टाचेला पडतात तशा बारीक भेगा उघडल्या.
"कारचे टायर पळून झिजतात.
ट्रेलरचे उभ्या उभ्या जातात, ताई.
ऊन खातात, एकाच जागेवर भार सोसतात,
आणि वरून तुकतुकीत दिसतात.
ते चार आकडे वाचा."

चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचले: तीन दोन एक सहा.
म्हणजे बत्तिसावा आठवडा, साल सोळा.
ऑगस्ट.
मी तेव्हा दहावी ब-ला वर्गसमीकरणं शिकवत होते,
आणि पावसाळ्यानंतर कुठेतरी जाऊ असं
आम्ही एकमेकींना पहिल्यांदा म्हणालो होतो.

"वजन किती?"
"असेल की, अंदाजे..."
"अंदाजे टायर मी देत नाही."

मग त्याच म्हाताऱ्या टायरांवर, जीव मुठीत धरून,
मार्केट यार्डाचा वजनकाटा.
पुढे कांद्याचा ट्रक, मागे डाळिंबांचा टेम्पो.
घर काट्यावर सोडलं, गाडी पुढे काढली.
केबिनमधल्या पोरानं मान वर न करता विचारलं,
"माल काय?"
हेमलता विचारात पडली.
"दोन गाद्या. कुकर. नकाशांची गुंडाळी.
लिंबाचं लोणचं, गोड आणि तिखट, वेगवेगळं..."
मागून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.
पावतीवर छापून आलं: इतर.
अकराशे चाळीस किलो.

निम्मे पाचशे सत्तर. हे गणित माझं.
जुन्या टायरवर अठ्ठ्याऐंशी लिहिलेलं,
तांबोळींच्या तेलकट तक्त्यात
अठ्ठ्याऐंशीपुढे पाचशे साठ.
म्हणजे चाकामागे दहा किलो आगाऊ.
हेमलता लगेच म्हणाली, "लोणचं कमी करू."
मी म्हणाले, "तुझे नकाशे."
दुकानातला पोऱ्या हसला.
मुनाफभाई नाही हसले.
"सामान राहू द्या. काठावर पास होणारा टायर घेऊ नका.
घाटात पेपर अवघड निघतो."

बाहेर टांगलेले चकचकीत त्यांनी काढलेच नाहीत.
आतल्या अंधारातून घेऊन आले तीन,
अंगावर अजून रबराचे केस, कागदी पट्टी,
पावणेआठशे किलोचे, यंदाचा अकरावा आठवडा.
पैसे ऐकून मी पर्स पुन्हा बंद केली.
त्यांनी दोनशे सोडले,
नव्या व्हॉल्व्हचे तेवढेच लावले.

निघताना एवढंच बोलले:
"हवा गार असताना मोजा.
शिरवळला थांबून नट परत आवळा.
आणि ह्याला फार दिवस एका जागी ठेवू नका."
शेवटचं वाक्य ते टायरबद्दलच बोलत होते.

शिरवळला, चहाच्या टपरीमागे,
हेमलता पान्यावर अख्खी उभी राहिली, साडी खोचून.
डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला.
मी टायरला तळहात लावला.
कोमट. चटका नाही.
टपरीवाला कप विसळता विसळता बघत होता,
म्हणाला, "काय नेताय एवढं?"

"इतर," हेमलता म्हणाली,
आणि पाना गादीखाली ठेवून दिला.