सापडत नाही

शनिवारी सकाळी नऊला मिसेस ऑर्मरॉड दारात,
पायात घरातल्या सपाता, हातात एक जुना फोटो.
तिचं कासव हरवलंय. मेबल. वय वर्षं छप्पन्न.
पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका.
"वीसेक पोस्टर काढून देशील का, लव्ह?
तुमच्याकडे प्रिंटर आहे ना."

आहे.
जिन्याखालच्या कोनाड्यात,
व्हॅक्यूम क्लीनर आणि तांदळाच्या पोत्याच्या मधे.
स्वस्तातला, फक्त छापणारा.
दिवा लुकलुकतो, पोटात कागद आहे,
झाकण उघडलं की गुरगुरतोसुद्धा.
पण लॅपटॉप म्हणतो, सापडत नाही.
अरे, दोन हातांवर आहे, बघ की.
सापडत नाही.

बंद केला. तीसपर्यंत आकडे म्हटले. चालू केला.
राऊटर बंद केला, चालू केला.
वरून रविकिरण ओरडला,
मॅचमधला बॉलर हात वर करून तसाच थिजला होता.
ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला.
वायर शोधली. खणात अकरा वायरी निघाल्या,
सगळ्या मेलेल्या फोनांच्या.
दर थोड्या वेळाने, आता तरी म्हणून,
प्रिंट दाबत राहिले.
वीस प्रती. वीस प्रती. वीस प्रती.
तो ताकास तूर लागू देईना.

खिडकीतून दिसत होती मिसेस ऑर्मरॉड,
हडर्सफील्डच्या त्या छातीवर येणाऱ्या चढावर
वाकून वाकून प्रत्येक गाडीखाली बघत,
हातात काकडीची फोड.

शेवटी शाल्मलीला फोन लावला, एक्सिटरला.
ती नुकती उठली होती. मागे कोणाचा तरी आवाज होता,
मी विचारलं नाही.
"आई, मार्चमध्ये ब्रॉडबँडची कंपनी बदललीत ना तुम्ही?
मग तो जुनंच नेटवर्क शोधत असणार."
मार्चपासून?
"त्याला कोण सांगणार, आई?"

जुन्या नेटवर्कचं नाव होतं
शाल्मलीचं राज्य.
तेराव्या वर्षी ठेवलं होतं तिने,
बाबांना खोलीत यायला बंदी होती त्या वर्षी.
म्हणजे गेले सात महिने हा,
तांदळाला पाठ टेकून,
अंधारात त्याच नावाने हाका मारत बसला होता
आणि आम्ही वर जिन्यावरून
धडाधड जात-येत होतो.

"दोन मार्ग आहेत," ती म्हणाली.
"दोन्ही बटणं दहा सेकंद दाबून धर, तो सगळं विसरेल,
मग नवीन नाव शिकव.
नाहीतर नव्या राऊटरलाच जुनं नाव दे, जुना पासवर्ड.
त्याला कळणारही नाही."
पासवर्ड आठवतोय का, हे तिने विचारलं नाही.
भोपळ्या, आमचा हॅमस्टर,
आणि पुढे तो गेला ते साल.

मी दुसरा मार्ग धरला.
घरातलं बाकी सगळं एका दमात तुटलं,
टीव्ही, रविकिरणचा फोन, हीटिंगचा डबा,
एकेकाची समजूत काढत बसावं लागलं दुपारपर्यंत.
पण कोनाड्यात दिवा लुकलुकायचा थांबला.
निळा. स्थिर.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली.
मेबल तिच्याच परसात होती,
रुबार्बच्या पानांखाली, मातीत अर्धी रुतून,
नाकावर एक गोगलगाय.
कुठेच गेली नव्हती.

आणि घरात छापणं सुरू झालं.
सकाळपासूनचे सगळे वीस-वीस आता रांगेने बाहेर.
रद्द करायला गेले, ऐकेना,
इतक्या दिवसांचा मुका तो.
त्रेसष्टाव्या कागदावर लाल शाई संपली,
ठिपका गुलाबी झाला, मग पिवळट, मग नुसती पाठ.
जिन्याखाली कासवांचा थर.

रात्री एका पोस्टरचा फोटो शाल्मलीला पाठवला,
लागला बरं का, म्हणून.
तिचं उत्तर आलं,
"थांब, माझ्या फोनमध्ये अजून सेव्ह आहे ते नाव.
घरी आले की आपोआप लागेल."

मी खाली जाऊन बघून आले.
दिवा निळा होता.
उरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूला
आता वाणसामानाच्या याद्या करते.