डावा स्पीकर

बाबांची गाडी माझ्याकडे आली
तेव्हा तिची डावी बाजू गप्प होती.

आधी मीच पाहिलं.
फ्यूज उपसून उन्हाकडे धरला, आतली तार शाबूत.
रेडिओ लावला, मग पेनड्राइव्ह,
तो काढून फुंकला आणि पुन्हा खुपसला,
फुंकरीनं काही दुरुस्त होत नाही हे ठाऊक असून.
उजवीकडून अख्खा तबला येत होता,
डावीकडे नुसतं दार.

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, पंक्चरवाल्याला लागून
हेमराज बोरकुटेचं दुकान.
मे महिना. कुलरच्या टाकीतला मग भरून
तो आधी स्वतःच्या मानेवर ओततो,
मग गिऱ्हाइकाकडे वळतो.
"कधीपासून बंद हाय?"
मला सांगता येईना.
जानेवारीत बाबा गेले. त्याआधी या गाडीत
मी मागेच बसायचे, कानात इअरफोन घालून.

त्यानं दाराचं पॅनल उचकटलं. क्लिपा तटातट.
आतून निघालं कडुनिंबाचं वाळकं पान,
रुपयाचं नाणं, पेट्रोल पंपाची एक पावती,
अक्षरं उडून गेलेली.
मग नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी
त्यानं स्पीकरच्या दोन पात्यांना टेकवली.
थप्प.
काळा शंकू पुढे आला, मागे गेला.
"जित्ता हाय," बोरकुटे म्हणाला.

"आता इकडचा वायर तिकडं लावतो.
खराबी वायरसंग गेली त मशीनमधी,
जाग्यावरच राह्यली त लाइनमधी."
खराबी वायरसंग गेली.
आता डावा वाजत होता आणि उजवा मुका.
नव्या मशीनचे तीन हजार आठशे, त्यानं सांगितलं,
आणि जुनं काढायच्या आधी, सवयीनं असेल,
गोल बटण दाबून धरलं.

उन्हानं विटलेल्या काचेवर
बास आलं, ट्रेबल आलं,
मग बॅलन्स.
सगळा उजवीकडे. शेवटच्या आकड्यापर्यंत.
"हे बिघडलं नाई, ताई.
हे कोनंतरी करून ठेवलं हाय."

कोराडीच्या टर्बाइन हॉलमध्ये एकतीस वर्षं.
कापसाचे बोळे त्यांच्या शर्टाच्या खिशात सापडायचे,
धुताना आई करवादायची.
फोन कायम उजव्या कानाला.
रस्त्यानं चालताना मला उजवीकडे घ्यायचे,
वाहनांच्या बाजूला,
आणि आई मागून ओरडायची, अहो, पोरीला आतून घ्या!
ते घ्यायचे नाहीत.
मला वाटायचं, ऐकत नाहीत.

बोरकुटेनं बॅलन्स शून्यावर आणला.
तबला उजवीकडे राहिला, डावीकडून तंबोरा उठला,
तो या गाडीत होता हे मला माहीतच नव्हतं.
पैसे नको म्हणाला, मग दार खोलल्याचे शंभर घेतले.
पॅनल बसवून झाल्यावर तळहातावर एक क्लिप उरली.
"हिची जागाच सापडून नाई राह्यली,"
असं म्हणून ती त्यानं माझ्याच हातात दिली.

संध्याकाळी आईला घेऊन निघाले.
ती डावीकडे, तिच्या जुन्या जागी.
सांगितलं तिला सगळं. म्हटलं, तुला माहीत होतं?
ती बराच वेळ कामठी रोडची दुकानं पाहत राहिली.
सदरच्या सिग्नलला म्हणाली,
"नसायला काय झालं!
म्हणून तर बोलायची मी गाडीत एवढं.
जे घरी बोलता यायचं नाही ते."

सिग्नल सुटला. खड्डा आला.
तिच्या बाजूचं दार खडखडलं.
"हे काय वाजून राह्यलं?" तिनं विचारलं.
क्लिप माझ्या पर्समध्ये होती.