सव्वादोन

हमीदाबी मणियार, वय एकोणसत्तर,
मु. पो. मातोळा, तालुका औसा.
डाव्या पायात चप्पल आहे. उजव्या नाही.
"कुठं सुटली?" नातू विचारतो.
"सुटली व्हय?" ती खाली बघते,
जणू पाय शेजारणीचे.

रिझवान जिना उतरतो शोधायला.
मी तळवा पुसते. टाचेखाली पाण्यानं भरलेला फोड,
रुपयाएवढा.
लातूरचं डांबर, मे महिना, दुपारचा एक.

फाईल म्हणते : कंपवात, नऊ वर्षं.
गोळ्या दिवसातून पाच वेळा, गजर लावून.
तेवढं घरात सगळ्यांना ठाऊक.
हाताचं दिसतं. पायाचं कोण बघतं.

"मुंग्या येतात का?"
"मुंग्या आल्या तर बरंच की गं.
घोंगड्यावरून चालल्यावानी वाटतंय.
घरात, रस्त्यात, न्हाणीत,
सगळीकडं घोंगडं."

पोटरीवर करंट देते.
घोट्यामागच्या तारेतून पडद्यावर
टेकडी उठायला हवी.
वाढवते. अजून वाढवते.
रेघ औशाच्या रस्त्यासारखी सपाट.
"लाईट गेली का काय?"
मी हसते. मग वाटतं, हसायला नको होतं.
मेंदूतला बिघाड मेंदूतच राहील
अशी आमची सगळ्यांचीच समजूत.

आता मनगट. तिचा हात मांडीवर
आपला आपण शेवया वळत बसलेला.
मी धरायला जाते
तर तीच माझा हात धरते.
कंप थांबतो.
अंगठा तळव्यात मुडपून, चार बोटं जुळवून
ती हाडं दाबते, चाळीस वर्षं
दारोदार दाबली तशी.
"सव्वादोन."

मला अडीच लागतात.
तिच्या बोटांवरही घोंगडं चढायला लागलंय,
ते मी थोड्या वेळानं आकड्यांत लिहीन.
तोंडानं म्हणते, "बरोबर ओळखलंत."
"मंग एक बी कशी न्हाई हातात?"
"इथं चालत नाही. करंटचं काम."
"काचंला कुठं करंट लागतो गं?"

खरंच, नाही लागत.

रिझवान येतो. रसवंतीपाशी सापडली म्हणतो.
ती वाकते, डोळ्यांनी पाय शोधते,
आणि नव्या नवरीचा हात असावा तसा
दाबून, जरासा फिरवून, न दुखवता
चपलेत चढवते.