गॅप सर्टिफिकेट

खिडकी क्रमांक दोन. खर्पुडेबाईंनी
बारावीची गुणपत्रिका उजेडाकडे धरली,
नोट खरी आहे का बघतात तशी.
"दोन हजार चार," त्या म्हणाल्या.
"मधली एकोणीस वर्षं?"
मागे रांग होती. मी म्हटलं, होती. गेली.
"गेली ते दिसतंय. गॅप सर्टिफिकेट लागेल.
भोईवाडा कोर्टाबाहेर करून देतात."

कोर्टाबाहेर, पिंपळाखाली, टायपिंगवाला.
त्याच्याकडे मजकूर तयारच होता,
नावापुरती जागा मोकळी:
मी, सुचिता मंगेश काताळे, वय सदतीस,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
घरगुती कारणामुळे माझ्या शिक्षणात खंड पडला.
सदर काळात मी अन्यत्र कुठेही प्रवेश घेतला नाही
व कोणत्याही गुन्ह्यात सामील नव्हते.

मी म्हटलं, अन्यत्र घेतला की प्रवेश.
सासरी घेतला.
नायगावच्या ब्लाउजांच्या कारखान्यात घेतला:
आधी काजं-बटणं, मग ओव्हरलॉक,
मग कात्री हातात दिली त्याला सहा वर्षं.
केईएमच्या वॉर्डात, सासऱ्यांच्या पायथ्याशी,
अकरा आठवडे.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं.
"ताई, एवढं मावत नाही. एकच पान असतं."
दोनशे ऐंशी घेतले.
आणि 'खंड'मधला ख असा उमटला
की घरी मुलीनं मोठ्यानं वाचलं,
शिक्षणात रवंड पडला.

तशीच सही केली.

फी वर्षाची अठराशे चाळीस, दोन हप्त्यांत.
अस्तराच्या पाच ब्लाउजांची शिलाई.
पावती घडी न घालता
गादीखाली ठेवली.

इमारत दिवसा शाळेची, साडेसहानंतर आमची.
बाकं पाचवीतल्या गुडघ्यांच्या मापाची.
एकनाथ बोऱ्हाडे तिरका बसतो, एक पाय वाटेत,
वॉचमनचा गणवेश अंगावर, ड्युटी दहाला.
फिलोमिना दवाखान्यातून येते, हाताला स्पिरिटचा वास,
वही उघडण्याआधी डोळे मिटते,
प्रार्थना की डुलकी
अजून कळलेलं नाही.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली,
खडूची चौकट: पुसू नये. ५ वी ब.
आत तीन छेद चार अधिक एक छेद सहा,
पुढे बरोबरचं चिन्ह, पुढे काही नाही.
डिंगणकर सर मागणीचा वक्र काढतात,
तो उतरत उतरत येतो
आणि चौकटीपाशी अंग चोरून थांबतो.

एकदा सरांनी विचारलं, संधीखर्च म्हणजे काय.
पुस्तकात तोफा आहेत आणि लोणी आहे,
एक हवं तर दुसरं कमी.
बोऱ्हाडे उठला. बाक त्याच्यासोबत थोडं उठलं.
"सर, आत्ता माझा मुलगा जागा आहे.
सकाळी मी पोचतो तेव्हा तो शाळेत गेलेला असतो."
सर खडू धरून उभे राहिले बराच वेळ.
मग म्हणाले, "परीक्षेत मात्र
तोफा आणि लोणीच लिहा."
हसलो आम्ही. फिलोमिनासुद्धा,
डोळे मिटूनच.

पहिल्या सत्रात मला एकेचाळीस.
मुलगी म्हणाली, आई, वक्र उलटा काढलास,
वर जाणारा.
मी म्हटलं, घाईत झालं.

नऊ चाळीसला शिपाई किल्ल्या वाजवतो.
परवा सगळे गेले, मी मागे राहिले.
छेद वेगळे, म्हणजे कापड वेगळं, माप एकच आणायचं,
हे मला कात्रीनं शिकवलंय.
आणि पुसू नये म्हटलंय,
लिहू नये असं कुठे म्हटलंय?
अकरा छेद बारा. बारीक अक्षरात.

आज संध्याकाळी आले तर
चौकट तशीच, उत्तरही तसंच,
शेजारी लाल खडूनं एक बरोबरची खूण
आणि खाली, पाचवी ब-च्या बाईंच्या
ठसठशीत अक्षरात:
मधल्या पायऱ्या कुठे आहेत?