खोली

फहूदच्या शेडमध्ये मी दगडांची नोंद ठेवतो.
तेलविहिरीतून काढलेले, दंडाएवढे जाड,
मधोमध चिरून पेट्यांत निजवलेले.
प्रत्येक पेटीवर मार्करनं लिहायचं:
खोली, मीटरमध्ये.
माझी स्वतःची खोली कॅम्पच्या क ओळीत, सतरा नंबर.
तिथे मी, कुंजुमोन
आणि रात्रभर कुणाशी तरी भांडणारा एसी.

एक मीटर म्हणजे किती वर्षं,
हे पहिल्याच महिन्यात शम्सा मॅडमना विचारलं होतं.
भिंगातून वर न बघता म्हणाल्या,
कधी दहा हजार, कधी एका वादळाची एक दुपार.
कधी शून्य सेंटिमीटरमध्ये चार कोटी.
ही दोन थरांमधली रेघ बघ,
इथलं सगळं वाहून गेलंय.
मी रेघेवरून नख फिरवलं.
नख अडलंसुद्धा नाही.

पेटी बत्तीसमध्ये बर्फ आहे.
म्हणजे बर्फानं घासत आणलेले गोटे,
चिखलात रुतून राहिलेले,
न निवडलेल्या डाळीतल्या खड्यांसारखे.
बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री.
दुरमुहम्मद टँकर लावून आत येतो,
त्या पेटीवर तळहात ठेवतो
आणि हुडहुडी भरल्यासारखं करतो.
रोज.
रोज आम्ही हसतो.

काल पोरीचा फोन.
सायकलवरून पडली, ओढ्याच्या उतारावर,
गुडघा फुटला, साडेसहाला.
"बाबा, तुझ्याकडे आत्ता किती वाजलेत?"
पाच वाजून दहा, म्हटलं.
"म्हणजे तुझ्याकडे मी अजून पडले नाहीये."
मी गप्प.
"मग सांग ना मला, जाऊ नकोस म्हणून."

सांगितलं.
शेडच्या दारात उभं राहून, मोठ्यानं,
इरू, उतारावरून जाऊ नकोस.
तिकडे तिनं नाक ओढलं.
मग म्हणाली, उशीर झाला ना रे.

साडेसहा वाजले तेव्हा मी मेसच्या रांगेत होतो,
हातात ताट.
माझ्याकडे ती आत्ता पडली.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती,
असं आपण वाचलेल्या माणसाबद्दल म्हणतो.
दोघांना दोन नावं ठेवणाऱ्यांना
काहीतरी ठाऊक असणार.
वेळ मनगटावर आहे, सेल संपला की थांबते.
काळ पेट्यांत पडलाय, सेलशिवाय.
पण सगळं सुरू झालं तेव्हा
तो आधी आला की ती?
आणि 'आधी' हा शब्द तरी
त्या दोघांच्या आधी कुणी वापरला?

शेवटची पेटी एकशे बारा.
तिच्यातला दगड तळाशी वाकडा तुटलाय.
याच्या खाली काय, म्हटलं.
"नळी गेली नाही," शम्सा मॅडम म्हणाल्या,
"दगड संपला नाही, आपण संपलो."
वर बघायला नळी लागत नाही, हा दुरमुहम्मदचा मुद्दा.
रात्री त्याच्या टँकरवर आम्ही तिघं,
दिवे मालवलेले, आभाळ अंगावर आलेलं.
वरही तसंच आहे, मॅडम म्हणाल्या.
जितकं लांबचं, तितकं जुनं.
आणि एका थराच्या पलीकडे काहीच दिसत नाही,
कारण तेव्हा उजेड अजून मोकळाच झाला नव्हता.
कशात अडकला होता?
स्वतःच्याच गर्दीत.
हे मला लगेच पटलं. क ओळीत मी नऊ वर्षं राहतोय.

आज सकाळी इरूनं फोटो पाठवलाय.
खाली लिहिलंय, खपली धरली.
मी मोठा करून बघतो.
कडेला काळपट, आत तांबूस, मधून एक रेघ.
एका रात्रीत साधारण अर्धा मिलिमीटर.
म्हणजे एक मीटर व्हायला...
कागद ओढतो, पेन शोधतो,
तेवढ्यात बाहेर दुरमुहम्मद हॉर्न वाजवतो.