शेऱ्याचा रकाना

शनिवारी केंद्रप्रमुख येणार.
त्याआधी एकोणचाळीस वह्या,
आणि एक तक्ता:
लिहिता येते, लिहिता येत नाही.
मधलं काही त्यात नाही.

पहिलीतला तथागत पाटीवर ळ काढतो,
जिभेचं टोक बाहेर,
आणि त्याचा ळ दरवेळी आडवा पसरतो.
हे काय रे?
"आज्याचा चष्मा हाये मॅडम,
एक काच फुटली."
खरंच, एका गोलातून त्यानं रेघ ओढली होती.
मी ती पुसली, ळ गिरवून दिला.
ओली पाटी वाळेपर्यंत
तो तिच्याकडेच पाहत बसला.

तिसरीला पाच वाक्यं, माझी आई.
नऊ वह्या, त्यातल्या आठ आया प्रेमळ,
आठही पहाटे लवकर उठतात,
आठही मला खूप आवडतात.
तांड्यावरच्या बबितानं दोनच वाक्यं लिहिली:
'माही याडी फोनवर रडून रायली होती.
मंग भाकर जळली.'
लाल पेन आपोआप चाललं.
माझी. आई. रडत होती. मग. भाकरी.
शुद्ध झालं सगळं.
आधीची भाकर मात्र जास्त जळली होती.
खाली लिहिलं, छान.
तेवढंच सुचलं.

पाचवीला रजेचा अर्ज.
सगळ्यांना ताप,
पाठ्यपुस्तकातल्या मुलाला होता तेवढाच.
फक्त वंशीधर पेंदाम:
'कारन की बकरी काल रात्री व्याली.
दोन पिल्लं. एक दूध पेत नाई.
तोंडात बोट घालून शिकवा लागते.
ते शिकलं का मी येतो.'
मायना चुकलेला, दिनांक नाही.
मायन्याला दोन गुण, भाषेला दोन,
नीटनेटकेपणाला एक.
पिल्लाचे कशात धरायचे
ते कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.
तीन दिले, खोडून चार केले,
आणि हसत हसत कोपऱ्यात लिहिलं,
रजा मंजूर.
दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.
हजेरी घेताना त्याच्या नावाशी थांबले.
माझीच सही होती.

सातवीची ईश्वरी गावंडे.
एक काना इकडचा तिकडे नाही.
'माझे गाव निसर्गाच्या कुशीत वसले आहे.
गावाजवळून झुळझुळ वाहणारी नदी जाते.'
आमच्याकडे नाला आहे,
दिवाळीनंतर तोही नाही,
त्याच्या वाळूत पोरं क्रिकेट खेळतात
आणि ईश्वरीइतका नेम त्यांच्यात कोणाचा नाही.
नाल्याचा न सुद्धा निबंधात नाही.
दहापैकी नऊ.
माझ्याच हातची ही, पहिलीपासून.
तेव्हा तिनं लिहिलं होतं,
'मायच्या हाताले तुरीचा वास येते.'
हाताला, मी म्हटलं होतं. येतो, म्हटलं होतं.
ती लगेच शिकली.
हुशारच होती.

तक्त्यात शेऱ्याचा रकाना असतो.
वर्णनात्मक नोंद करा, असं वर छापलंय.
मागच्या वर्षीचा काढून पाहिला:
'अक्षर सुधारावे. लेखनाचा सराव हवा.'
एकोणचाळीस वेळा, एकाच हाताचं,
एक काना इकडचा तिकडे नाही.

शाळा सुटली. खिचडीच्या गंजाशी
कावळे भांडत होते.
वह्यांच्या गठ्ठ्यात बबिताची परत आलेली,
माझ्या 'छान'च्या खाली पेन्सिलीनं:
'मॅडम छान कोनतं हाये?
भाकर का रडनं?'

न चा ण करायला पेन टेकलं.
एक लाल ठिपका उमटला तेवढा.
टोपण लावलं,
कंपासपेटीतली, कुणाची तरी विसरलेली
दोन बोटांएवढी पेन्सिल घेतली,
आणि तिच्या ओळीखाली, तिच्याच तिरक्या रेघेत लिहिलं:
'रडनं. फोन कोनाचा होता?'

तक्ता कोराच आहे.
शनिवार परवा.
बबिता उद्या आली तर.